माल, चक आणि स्क्रिप्टची शिस्त

यंदाच्या मोहाच्या दिवसांत मी शेल स्क्रिप्ट वाचायला शिकले. लिहायला नाही, नुसती वाचायला. पण तेवढ्यावरच मी इतकी खूश आहे की तुम्हा दोघा नातवंडांना सांगितल्याशिवाय राहवत नाही. फोनवर सांगायला गेले की तुमच्याकडे शाळेची घाई असते, नाहीतर माझ्याकडे झोपेची वेळ झालेली असते. म्हणून नीट, पहिल्यापासून लिहून काढते आहे.

पहिल्यापासून म्हणजे मोहापासून. आमच्या मूल गावाच्या आजूबाजूला जंगल म्हणजे मुद्दाम बघायला जायची जागा नाही. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, संपल्या की ते सुरू होतं आणि काही गावांत तर बांध्यांच्या मधेच घुसलेलं असतं. होळीच्या सुमाराला मोहाची फुलं गळायला लागतात. ती पहाटे गळतात, आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं नि हरणं खाऊन जातात. बाया टोपल्या घेऊन अंधुक उजेडातच निघतात आणि झाडाखाली वाकून वेचत बसतात. वाकलेलं माणूस वाघाला लांबून माणसासारखं दिसत नाही. म्हणून या दिवसांत गावोगावी सकाळचा पहिला प्रश्न एकच असतो: आज कोणत्या बाजूला जायचं नाही?

या प्रश्नासाठी आमच्या भागातल्या काही जणांनी मिळून एक साधी सोय केली आहे. प्रत्येक गावातला एक जण संध्याकाळी फोन करून सांगतो की पावलं कुठे दिसली, बैल कुठे बिचकले, वानरं कुठे ओरडली. ते कॉम्प्युटरमध्ये त्या त्या गावाच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवायचं. मग पहाटे एक स्क्रिप्ट आपोआप उठते, एकेक फोल्डर उघडते आणि ज्या गावची बातमी त्या गावच्या फोनवर मेसेज करून पाठवते. स्क्रिप्ट म्हणजे फार काही नाही. स्वयंपाकाची कृती लिहावी तशी कॉम्प्युटरला एकाखाली एक सांगून ठेवलेली कामं: हे उघड, ते वाच, तिकडे पाठव. तो कॉम्प्युटर आमच्या शेजारच्यांच्या पुढच्या खोलीत, शिवणयंत्राच्या बाजूला आहे.

ही स्क्रिप्ट दोघांनी मिळून लिहिलेली. एक शेजारची सून. नागपूरची मुलगी, कॉम्प्युटर शिकलेली, लग्न होऊन मूलला आली. दुसरे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे भाऊ, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचे, त्या काळापासून ते हे काम करतात. माझ्याकडे मेसेजची भाषा पाहायचं काम आहे. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या बाईला कुठलीही भाषा तपासता येते, असा लोकांचा समज असतो. मी तो मोडत नाही. मेसेज छोटा हवा, एका नजरेत कळायला हवा. 'बोडीकडे जाऊ नका.' एवढंच. बोडी म्हणजे गावचं लहानसं तळं. ते प्रत्येक गावाला असतं आणि प्रत्येक गाव आपल्या बोडीला फक्त बोडीच म्हणतं, कुठल्या गावची ते कोणी सांगत बसत नाही.

आता गावांच्या नावांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इकडे एकाच नावाची दोन गावं जोडीनं असतात. एक माल, एक चक. माल म्हणजे जुनं गाव, चक म्हणजे मागाहून वसलेलं. मधे एखादा नाला नाहीतर जंगलाचा पट्टा असतो. मालचे लोक आपल्या नावापुढे माल कधीच लावत नाहीत. ते म्हणतात, आमी कोसमझरीचे. चकच्या लोकांना मात्र कोणी 'कोसमझरीचे' म्हणू देत नाही. त्यांना कायम कोसमझरी चकचेच म्हणतात. आमच्या कॉम्प्युटरातही तसंच होतं. एक फोल्डर कोसमझरी, दुसरा कोसमझरी चक. चकचं फोल्डर यंदाच, मोहाच्या तोंडावर, भाऊंनी उघडलं होतं.

आठवडी बाजारात मी तुमच्या आजोबांसाठी मासे घेते. ज्या बाईकडून घेते ती कोसमझरी चकची. घरचे लोक बोडीत आणि तलावात मासे धरतात आणि मोहाच्या दिवसांत ती पहाटे मोह वेचते. त्या दिवशी मी पिशवी पुढे केली, तर मासा साफ करता करता मान वर न करताच तिनं विचारलं,

"बाई, तुमचा वाघ मेसेज पाहून फिरते का जी?"

"काऊन, काय झालं?"

"का होते? परवा बोडीवर मोह वेचून राह्यली होती. मान वर केली त समोर उभा. टोपली तिथीच ठेवली अन् आली मांगं मांगं."

बाजूला वांगी घेऊन बसलेली म्हणाली, "टोपली नेली असन मंग त्यानं."

"तो मोह घेऊन का करन? तो न पेताच डुलत चालते."

दोघी हसल्या. मला काही हसू आलं नाही. त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी चकच्या बोडीची बातमी आली होती हे मला चांगलं माहीत होतं. तो मेसेज मीच तपासला होता.

"मेसेज आला नव्हता तुम्हाले?"

"नाई. तुमीच त सांगतलं होतं ना, मेसेज नाई म्हनजे वाघ नाई. आमी तसंच धरून चालतो. अन् गंमत पाहा, मालवाले त्या दिवशी कोनीच बोडीवर गेले नाई. त्यायच्या बोडीवर वाघाचं नख नाई, अन् सारे घरी बसून राह्यले." तिनं मासा पिशवीत टाकला. "आता मी पाहातच नाई तुमचा मेसेज. आमच्या चकातल्या साऱ्याच बाया म्हनतात, आपल्या मनानं जाऊ. मोह काई कोनासाठी थांबत नाई."

पिशवी घेऊन मी घरी न जाता सरळ शेजारी गेले. आपल्या मनानं म्हणजे काय, ते मला कळत होतं. अजून मोहाचा बराच बहर बाकी होता. त्या वाघाला चकची बोडी आवडलेली होती. आणि चकच्या बायांनी आमचं ऐकायचं सोडून दिलं होतं. पुढच्या वेळी टोपली ठेवून मागं यायला मिळेल याची काही खात्री नव्हती.

सुनेनं भाऊंना बोलावलं. दोघांनी कॉम्प्युटर उघडून पाहिला. स्क्रिप्ट पाठवलेल्या मेसेजांची नोंद ठेवते, तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं: गेला, कोसमझरी चक. भाऊंनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हे पाहा बाई. गेला. आपल्याकडून गेला. पुढं नेटवर्कची मेहेरबानी."

इकडे नेटवर्कवर काहीही ढकलता येतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण मला मालचे लोक घरी बसल्याची गोष्ट टोचत होती. नेटवर्क नसलं तर मेसेज पोचत नाही, पण नेटवर्क नाही म्हणून कोणी घरी कशाला बसेल? मी म्हटलं, "ती स्क्रिप्ट मला वाचून दाखवा."

"काकू, ती वाचायची नसते," सून म्हणाली. "चालवायची असते."

"जी वाचता येत नाही ती बरोबर आहे हे तू कशावरून म्हणतेस?"

यावर भाऊ खुशीत आले, कारण सुनेला कोणी तरी विचारलं. पण माझी खुर्ची पडद्यासमोर सरकली तेव्हा त्यांचा चेहरा थोडा बदलला. तुम्हाला मी जे दिसलं ते सांगते. अर्धा कागद एका हाताचा आणि अर्धा दुसऱ्या हाताचा, आणि हे कळायला कॉम्प्युटर यावा लागत नाही. सुनेच्या ओळी दोन दोन जागा आत सरकलेल्या, नावं पुरती लिहिलेली: गाव म्हणजे gaon, बातमी म्हणजे batmi. भाऊंच्या ओळी उडी मारून पार मध्यावर जाऊन बसलेल्या आणि नावांना एकेक अक्षर, तेही मोठ्या लिपीत. G, B, D. एके ठिकाणी 'जर' असेल तर 'तर' त्याच ओळीत, दुसऱ्या ठिकाणी खालच्या ओळीत. सुनेनं प्रत्येक कामाच्या डोक्यावर मराठीत टीप लिहिलेली, तर भाऊंनी टीप म्हणून फक्त लिहिलेलं: ok.

"भाऊ, हा तुमचा G म्हणजे गाव का गट?" सुनेनं विचारलं. मला वाटतं तिला हे बरेच दिवस विचारायचं होतं.

"वरती गाव. खाली गट."

"अन् मधे?"

"मधे तो वापरला नाई."

"मंग वाचणाऱ्यानं कसं समजायचं?"

"वाचनारा कोन आहे? मीच त आहो."

"आता मी पण आहे," मी म्हटलं.

भाऊ म्हणाले, "बाई, तिकडे वाघ फिरून राह्यला अन् आपण इथी हस्ताक्षर सुधारून राह्यलो." त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण मला दुसरा रस्ता दिसत नव्हता. शाळेत एखाद्या निबंधात काहीतरी चुकतंय हे कळायचं पण काय ते सापडायचं नाही, तेव्हा मी तो मुलाला उभा करून मोठ्यानं वाचायला लावत असे. मी दोघांना तेच सांगितलं. आपापला भाग स्वतः वाचायचा नाही. सुनेनं भाऊंचा वाचायचा, भाऊंनी सुनेचा. प्रत्येक ओळ, प्रत्येक चिन्हासकट.

अशी दुपार मी बऱ्याच वर्षांत अनुभवली नव्हती. चहा आला, थंड झाला, पुन्हा आला. सुनेच्या सासूबाई शिवणयंत्र बंद करून ऐकत बसल्या. एकेक ओळ पुढे सरकायची आणि मला कळायला लागायचं. हे उघडतंय. हे आत बघतंय. हे रिकामं असेल तर पुढे जातंय. जणू इतके दिवस एखाद्या भाषेचे नुसते आवाज ऐकले होते आणि आता त्यातून शब्द सुटे होऊन बाहेर यायला लागले.

वाचताना एक गोष्ट माझ्या कानाला लागली. भाऊंचा भाग वाचताना सून प्रत्येक नावाच्या आधी नि नंतर 'अवतरण सुरू, अवतरण बंद' म्हणायची. सुनेचा भाग वाचताना भाऊ ते एकदाही म्हणत नव्हते.

"हे तुमच्या घरी आहे नि हिच्या घरी नाही, असं का?" मी विचारलं.

भाऊ म्हणाले, "माह्या घरी कायम असते. एकदा खात्यात चांगलाच हात पोळला होता, तेव्हापासून. नावात मधे मोकळी जागा असली न, तर हे यंत्र त्याचे दोन शब्द समजते. अवतरणात बांधलं की एकच समजते. म्हनून मी सारं बांधूनच ठेवतो."

"माझ्या नावांमधे मोकळी जागाच नसते," सून म्हणाली. "मी दोन शब्द असले की खाली रेघ टाकून जोडते. मग अवतरणाचं काय काम? उगाच गिचमिड."

दोघांचंही बरोबर होतं. मी दोघांनाही नेहमी हेच सांगत आले आहे, पण त्या दिवशी पहिल्यांदा त्या बरोबर असण्याची मला थोडी भीती वाटली. कारण एक जण बांधतो म्हणून त्याला जागा सोडायची भीती नाही. दुसरी जागा सोडत नाही म्हणून तिला बांधायची गरज नाही. आणि दोघंही एकाच स्क्रिप्टमध्ये राहतात.

"चकचं फोल्डर कोणी उघडलं?" मी विचारलं.

भाऊंनी चष्मा काढला.

"मी," ते म्हणाले. "कोसमझरी, मग जागा, मग चक. जसं बोलतो तसं."

सुनेनं ताबडतोब स्वतःची पाठवायची ओळ पडद्यावर आणली. तुमच्यासाठी ती मी इथे उतरवून देते, तुम्हाला समजेल:

pathav $gaon

पाठव ही भाऊंचीच दुसरी छोटी स्क्रिप्ट. तिला जो पहिला शब्द मिळेल ते गाव, आणि त्या गावच्या फोनवर ती बातमी धाडते. फोल्डर उघडून बातमी वाचणं भाऊंचं, अवतरणात नीट बांधलेलं, म्हणून ते कोसमझरी चकचंच उघडत होतं आणि चकचीच बातमी वाचत होतं. पुढे ती सुनेच्या या मोकळ्या ओळीवर आली की नावाचे दोन तुकडे व्हायचे. कोसमझरी. चक. पाठवनं पहिला तुकडा उचलला, दुसऱ्याकडे पाहिलंही नाही. आणि कोसमझरी म्हणजे आमच्याकडे कोण, तर माल.

"अन् नोंदीत कोसमझरी चक कसं आलं मग?" सुनेच्या सासूबाईंनी विचारलं. चांगला प्रश्न होता.

"नोंद नुसती छापायची असते," सून म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "छापताना तुकडे झाले तरी एकापुढे एक छापले जातात. वाचणाऱ्याला पूर्णच दिसतं."

म्हणजे चकच्या बोडीवर वाघ असला की मेसेज मालला जायचा. मेसेजात नुसतं 'बोडी', म्हणून मालचे लोक आपली बोडी समजून घरी बसायचे. आणि चकला काहीच जायचं नाही, म्हणजे आमच्याच शिकवणीनुसार तिथे वाघ नाही. हे सगळं त्या पाच अक्षरी नावापुढच्या मोकळ्या जागेतून. त्या बाईची बोडीवर राहिलेली टोपली माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि खोटं कशाला बोलू, त्याच वेळी मला इतका आनंद झाला की मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. सापडलं होतं.

भाऊ सुनेकडे वळून म्हणाले, "बेटा, तुझी ओळ एकटी असती त चुकली नसती."

"तुमचं फोल्डर एकटं असतं तर तेही चुकलं नसतं, भाऊ."

एवढंच दोघं बोलले. कोणी कोणाला बोल लावला नाही. मला फार बरं वाटलं.

मग नियम ठरवायला बसलो. सुनेला वाटलं आता ती एक ओळ बांधली की झालं. मी म्हटलं, एक ओळ बांधाल तर बाकीच्या उघड्या राहतील, आणि पुढच्या वर्षी आणखी एक चक येईल. दोघांच्या सवयी ठेवायच्या नाहीत, एकच ठेवायची. कोणाची, ते आपण आवडीवर ठरवायचं नाही. अवतरण भाऊंचं घ्यायचं: प्रत्येक नाव बांधायचं, गरज असो नसो. गरज आहे का हे ज्या दिवशी विचार करून ठरवावं लागेल त्याच दिवशी चूक होईल. फोल्डरची नावं सुनेची: मोकळी जागा नाही, रेघ टाकून जोडायचं. नावं पुरती लिहायची, एका अक्षराची नाहीत. आत सरकायच्या जागा दोन, कारण भाऊंच्या उड्यांमुळे सुनेच्या फोनवर ओळी तुटून खाली जात होत्या. 'जर' आणि 'तर' एकाच ओळीत, भाऊंसारखे. त्यांना तेवढं तरी मिळायला हवं होतं.

"अन् मालचं काय?" भाऊंनी विचारलं. "तो नुसता कोसमझरी आहे."

"त्यालाही माल लावायचं."

"मालवाल्यांना आवडनार नाई."

"ते कॉम्प्युटरात पाहायला आले तर सांगू."

मग भाऊंनी पाठवमध्ये स्वतःहून एक पहारा बसवला: हाती एकाऐवजी दोन शब्द आले तर काहीच पाठवायचं नाही, थांबायचं आणि तसं लिहायचं. आणि मेसेजात बोडीच्या आधी गावचं नाव घालायचं, हे मी माझ्या खात्यात बदललं.

सगळी स्क्रिप्ट एका हाताची दिसायला लागली तेव्हा काय झालं सांगते. अजून दोन उघड्या ओळी राहिल्या होत्या आणि त्या मला, मला, दिसल्या. सगळीकडे बांधलेलं असताना उघडं नाव सुटलेल्या बटणासारखं डोळ्यांत येतं. मी बोट दाखवलं आणि सून म्हणाली, "हो, काकू, या दोन्ही राहिल्या होत्या." या वयात असं काही ऐकायला मिळावं याची मी अपेक्षा केली नव्हती.

संध्याकाळी चकहून फोन आला. बोडीच्या काठावर ताजी पावलं.

दुपारभर जे काही केलं त्याची परीक्षा उद्याच होती, आणि ती परीक्षा त्या मासेवाल्या बाईची होती, आमची नव्हती. तिला फोन लावला, तो बंद. बातमी सांगून झाली की सांगणाऱ्याचाही बंद. चकात सगळ्यांचे फोन संध्याकाळी बंदच असतात, चार्जिंग वाचवायला. पहाटे निघताना चालू करतात. भाऊ उठले.

"नोंदीवर माहा भरोसा राह्यला नाई," ते म्हणाले. "मी चकात जाऊन झोपतो. माह्या मामेभावाचं घर आहे तिथी. मेसेज आला का नाई, माह्या डोळ्यानं पाहीन. नाई आला त मीच रस्त्यात उभा राहीन."

सून म्हणाली, "वाघाच्या रस्त्यात?"

"बायांच्या रस्त्यात. वाघ त्याच्यापेक्षा बरा."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठून, अंघोळ करून शेजारी गेले तेव्हा सून आधीच पडद्यासमोर बसलेली होती. स्क्रिप्ट आपल्या वेळेला उठली. एकेक गाव सरकत गेलं. कोसमझरी माल: काही नाही. कोसमझरी चक: गेला. आम्ही दोघी त्या शब्दाकडे बघत बसलो. आदल्या दिवशीपर्यंत तो आम्हाला पुरेसा होता, त्या दिवशी पुरेना. सुनेनं भाऊंना फोन लावला नाही, मी पण लावू दिला नाही. त्यांनी लावायचा होता.

फोन वाजला तो भाऊंचा. पण आवाज त्यांचा नव्हता.

"बाई, आला जी तुमचा मेसेज." कोसमझरी चकची ती माझी मासेवाली. मागून आणखी बायांचे आवाज. "आमी साऱ्या जनी टोपल्या घेऊन निघालोच होतो. हे भाऊ रस्त्यात उभे. मले वाटलं, पेऊन आले. म्हनतात, फोन पाहा, फोन पाहा. फोन पाह्यला त खरंच बोडीचं लिवलं आहे. कोसमझरी चकची बोडी, असं नावानिशी."

"मग आता कुठे जाणार?"

"तेच त विचारून राह्यली. बोडीवर नाई जाऊ म्हनता, मंग जाऊ कुठी? तुमच्या मेसेजात ते काऊन नाई लिहत? खाली टोपली घेऊन घरी बसू का?"

मी काही म्हणायच्या आत तिनं स्वतःच इतर बायांना काहीतरी सांगितलं, तिकडे थोडी वादावादी झाली, आणि त्या सगळ्या शाळेमागच्या झाडांकडे गेल्या. शाळेमागे मोह कमी गळतो, पण गळतो. ऊन वर आल्यावर भाऊंनी फोन केला. बोडीच्या काठावर नवीन पावलं होती, आदल्या संध्याकाळच्या पावलांवर पडलेली. पहाटेची. चिखलात, बायांच्या नेहमीच्या झाडाखालून गेलेली.

त्या दिवसापासून मेसेज रोज जातो, वाघ असो नसो. 'आज काही नाही' हेही लिहून जातं. शांतता म्हणजे सुरक्षित, हे आम्हीच गावांना शिकवलं होतं आणि ते काढून टाकायला हवं होतं. कुठे जाऊ नये याच्याखाली आता कुठे जावं हेही असतं, आणि ते प्रत्येक गावच्या बाया सांगतात. नव्या ओळी सुनेनं लिहिल्या, दोन जागा सोडून, बांधून. भाऊंनी वाचून पाहिल्या आणि 'ok' लिहायला गेले, मग थांबले आणि मराठीत पूर्ण वाक्य लिहिलं. चुकलेलं होतं, पण मी दुरुस्त केलं नाही.

मालमधून तक्रार आली, ती मात्र वेगळीच. त्यांच्या गावचे एक जण बाजारात भाऊंना धरून म्हणाले, "आमचे वाघाचे मेसेज काऊन कमी केले जी? आधी किती यायचे. आमची काई चुकी झाली का?" इतके दिवस चकची सगळी काळजी त्यांच्या वाट्याला येत होती आणि त्यांना वाटत होतं, आपलं गाव आमचं लाडकं आहे. आपल्या नावापुढे माल लागलेला पाहून तर ते आणखीनच नाराज झाले.

आणि परवाची गोष्ट. पहाटे मूलला वीज गेली. कॉम्प्युटर बंद, स्क्रिप्ट बंद. सून धावपळ करत होती, बॅटरी जोडत होती, आणि मी शेजारी कंदील धरून उभी. माझा फोन वाजला. चकची मासेवाली.

"बाई," ती म्हणाली, "मेसेज नाई आला अजून. आमी साऱ्या दारातच बसून आहो टोपल्या घेऊन. मोह पडून राह्यला तिकडे, गाई खाऊन जातीन. करा ना लवकर."

मी तिला म्हटलं, बसा अजून थोडं, वीज गेली आहे, येतोच मेसेज.

"बसलो आहो जी," ती म्हणाली. "नाई आला तोवर उठनार नाई कोनी. पन लवकर करा."